स्थलांतरितांचा मराठी ग्रंथव्यवहार : संहिता, लिपी आणि वाचन

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. जुन्या उल्लेखांतील 'नरसी बामणी' म्हणजे हेच गाव की दुसरे एखादे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आषाढी वारी आटोपल्यानंतर येथे परतवारी भरते. पंढरीहून परतलेला वारकरी नामदेवांच्या गावी येतो, तो गाथेतील अभंग मुखी घेऊन. त्याच गावी नांदेडच्या वाटेने शीख भाविकही येतात. त्यांच्या ओळखीचे नामदेव गाथेतले नव्हेत. गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या ६१ पदांतले, गुरुमुखी लिपीतले 'भगत नामदेव' आहेत. एकाच समाधीपुढे उभे असलेले हे दोन वाचकवर्ग (श्रोतृवर्ग म्हणणे अधिक नेमके होईल) दोन वेगळ्या ग्रंथांचे आहेत. मराठी ग्रंथव्यवहाराच्या आपल्या इतिहासांत यांपैकी पहिल्या ग्रंथाला सन्मानाचे स्थान आहे. दुसरा त्या इतिहासांत येतो तो संतचरित्राचा एक प्रसंग म्हणून; ग्रंथ म्हणून नव्हे.

असे का व्हावे, हा प्रश्न केवळ नामदेवांपुरता नाही. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण भाषा, लिपी आणि भूमी या तिन्ही गोष्टी एकमेकींवर तंतोतंत बसतात असे गृहीत धरतो. मराठी म्हणजे देवनागरीतले, महाराष्ट्रात रचलेले आणि छापलेले. जे या चौकटीबाहेर पडते त्यासाठी 'बृहन्महाराष्ट्र' नावाचे प्रकरण शेवटी जोडायचे, त्यात बडोदे-इंदूरच्या संस्थांची आणि संमेलनांची यादी द्यायची, आणि पुढे जायचे. भूमी सोडून गेलेल्या माणसांनी आपल्या भाषेत काय छापले, कशासाठी छापले आणि ते कोणी वाचले, हा प्रश्न या पद्धतीत उपस्थितच होत नाही. प्रस्तुत निबंधात तो तीन उदाहरणांच्या आधारे उपस्थित करण्याचा प्रयत्न आहे. स्थलांतरितांचा ग्रंथव्यवहार लेखकांच्या बळावर तगत नाही, मोठ्याने वाचण्याच्या प्रसंगांच्या बळावर तगतो. आणि त्यात लिपी व संहिता यांची ताटातूट झाली, तर ती ऱ्हासाचीच खूण मानता येत नाही, असे मला दाखवायचे आहे.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. आइसलँड या छोट्या बेटावरून १८७० ते १९१४ या काळात हजारो माणसे उत्तर अमेरिकेत गेली. त्यांतील एका गटाने १८७५ साली कॅनडात विनिपेग सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर 'नवे आइसलँड' वसवले. दुसऱ्याच हिवाळ्यात देवीची साथ आली. सुमारे शंभर माणसे दगावली, वसाहतीभोवती विलगीकरणाचा पहारा बसला. अशा अवस्थेत या मच्छीमार-शेतकऱ्यांनी १८७७ साली 'फ्रामफारी' नावाचे आइसलँडिक वृत्तपत्र सुरू केले. त्यासाठी छापयंत्र आणले, आपल्या वर्णमालेतील खास अक्षरांचे खिळे मिळवले. पत्र १८८० साली बंद पडले. पुढे विनिपेग शहरातून १८८६ साली 'हेइम्सक्रिंग्ला' आणि १८८८ साली 'लोगबेर्ग' ही दोन साप्ताहिके निघाली. राजकारणात आणि धर्ममतात ती एकमेकांच्या विरोधात होती, आणि परस्परांवर टीका करीत ती सत्तर वर्षे चालली. १९५९ साली दोघांचे विलीनीकरण झाले. आज ते संयुक्त पत्र मुख्यत्वे इंग्रजीत निघते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या समाजाला वृत्तपत्र परके वाटले नाही, कारण आइसलँडच्या शेतघरांत हिवाळ्यातील संध्याकाळी एकाने सागा किंवा स्तोत्रे मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी लोकर विंचरत-विणत ऐकायचे, अशी जुनी रीत होती. वृत्तपत्र त्या वाचनाच्या जागी येऊन बसले. बेनेडिक्ट अँडरसन यांनी राष्ट्रभावनेच्या उदयाचा संबंध वृत्तपत्राच्या एककालिक वाचनाशी जोडला आहे. परस्परांना न पाहिलेली माणसे एकाच दिवशी एकच पान वाचतात आणि आपण एक आहोत अशी कल्पना करतात, हे त्यांचे प्रतिपादन आता सर्वपरिचित आहे. आइसलँडिक वसाहतीला ते बव्हंशी लागू पडते. मराठी स्थलांतरितांना मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि हा फरकच आपल्या विषयाचा गाभा आहे.

मराठी माणूस भूमी सोडून गेला तो प्रथम सत्तेबरोबर गेला. तंजावरचे राज्य व्यंकोजींनी १६७६च्या सुमारास हस्तगत केले, आणि त्यानंतर पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या खोऱ्यात मराठी दरबार नांदला. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) देवनागरी खिळ्यांचे मुद्रणालय काढले. त्यातून इसापाच्या कथांचे 'बालबोधमुक्तावलि' हे मराठी भाषांतर १८०६ साली बाहेर पडले. मुंबईत 'पंचोपाख्यान' छापले गेले ते १८२२ साली. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते बंगालमधील श्रीरामपुरास. तेथूनच १८१०चा मराठी कोश आणि १८१४ची 'सिंहासन बत्तिशी' निघाली, आणि त्यांमागे नागपूरकडील वैजनाथ पंडितांचा हात होता. म्हणजे मराठी मुद्रणाचा प्रारंभ मराठी भूमीच्या बाहेर झाला. अ. का. प्रियोळकरांनी ही माहिती केव्हाच नोंदवून ठेवली आहे. तिच्यातून जो सैद्धांतिक निष्कर्ष निघतो, तो काढण्याचे मात्र आपण टाळले : केंद्र आणि परीघ यांची आपली मांडणी मुद्रणाच्या बाबतीत आरंभापासूनच उलटी आहे.

तंजावरच्या मुद्रणालयाचे पुढे काय झाले? ते राजाचे होते. राजाच्या विद्याव्यासंगाबरोबर वाढले आणि त्याच्यामागे क्षीण झाले. १८५५ साली संस्थान खालसा झाल्यावर दरबारी मराठीला आश्रयच उरला नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखिते राहिली, मोडी कागदपत्रांचे गठ्ठे राहिले. त्यांतील निवडक कागद वाचकांपुढे आले तेही पुढे तमिळ अनुवादाच्या रूपाने. दाक्षिणात्य मराठी कुटुंबांत घरची बोली टिकली, पण तिचे लेखन बहुधा तमिळ लिपीत होऊ लागले. आश्रयावर उभ्या असलेल्या प्रकाशनाची ही स्वाभाविक परिणती म्हणावी लागेल, आणि इतिहासकार येथे थांबतात.

येथेच थांबणे योग्य नाही. कारण त्याच कावेरीकाठी दरबाराबाहेर दुसरा एक व्यवहार चालू होता. बोधेंद्र, श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी यांनी आकाराला आणलेल्या भजन संप्रदायात मराठी अभंगांना ठरलेले स्थान मिळाले. कीर्तनाच्या अंगाने साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते तमिळ हरिकथेत उतरली, आणि कृष्ण भागवतरांसारख्या कथाकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांना रूढ केले. या भजनांच्या पोथ्या छापल्या जातात; त्यांत नामदेव-तुकारामांचे अभंग तमिळ लिपीत असतात. तमिळ लिपीत 'क' आणि 'ग', 'त' आणि 'द' यांना स्वतंत्र चिन्हे नाहीत. म्हणून कोठे ग्रंथाक्षरांचा, कोठे अंकांच्या खुणांचा आधार घेऊन मराठी उच्चार सांभाळावा लागतो. ज्या मुद्रकाला मराठीचा एक शब्द समजत नाही तो 'द' आणि 'ध' यांतील फरक राखण्यासाठी धडपडतो, हे दृश्य मला तरी सरफोजींच्या मुद्रणालयाइतकेच महत्त्वाचे वाटते. सरफोजींचे पुस्तक आज संग्रहालयात आहे. भजनाची पोथी अजून गाणाऱ्यापुढे उघडी आहे. आपल्या ग्रंथसूचींत मात्र पहिले सापडते आणि दुसरी सापडत नाही, कारण सूचिकार लिपी पाहून भाषा ठरवतो.

दुसरे उदाहरण गोव्यातून कानड्यात गेलेल्या ख्रिस्ती समाजाचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे १६१६ साली छापले गेले, रोमन लिपीत. स्टीफन्सना देवनागरी अक्षरांत छापण्याची इच्छा होती, आणि १६०८ सालच्या एका पत्रात त्यांनी त्या दृष्टीने खिळ्यांविषयी विनंतीही केली होती. पण जोडाक्षरांसह शेकडो खिळे पाडण्याचे काम तेव्हा झाले नाही. रोमन लिपी ही येथे अपरिहार्यता होती, पसंती नव्हती. १६४९ आणि १६५४ साली ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला.

ग्रंथ मग वाचला कसा? दुष्काळ, साथी, मराठ्यांच्या स्वाऱ्या आणि इन्क्विझिशनचा जाच अशा नाना कारणांनी गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे सतराव्या-अठराव्या शतकांत दक्षिणेकडे मंगळुरापर्यंत गेली. जाताना त्यांनी पुराण नेले, आणि तेथे ते हाताने उतरून घेऊन सणासुदीला, उपवासकाळात मोठ्याने वाचण्याची प्रथा चालू ठेवली. छापील ग्रंथाचे पुन्हा हस्तलिखित झाले. मुद्रणाच्या इतिहासातील सर्वमान्य क्रम येथे उलटा फिरला. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळुरास या हस्तलिखितांवरून ग्रंथ संपादून पुन्हा छापला, पुन्हा रोमन लिपीतच. मराठीतील एका थोर ग्रंथाचा हा पुनर्जन्म पुण्या-मुंबईत झाला नाही, मराठी न बोलणाऱ्या एका स्थलांतरित समाजात झाला. त्या समाजाची बोली कोकणी. पुराणाची भाषा त्याच्या कानांना ओळखीची, पण घरची नव्हे. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती त्यानंतर जवळपास अर्धशतकाने, १९५६ साली पुण्यात निघाली.

यावर कोणी असे म्हणेल की ही धर्माची शक्ती आहे, भाषेची नव्हे. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. धर्माला कोकणी चालली असती. मंगळुरी ख्रिस्ती माणसाने मराठी पुराण सोडून कोकणी प्रार्थनांवर समाधान मानले असते तर त्याच्या श्रद्धेत काही उणे झाले नसते. त्याने जे राखले ते ओवीचे वळण होते. ओवी ही म्हणण्याची गोष्ट आहे, आणि म्हणण्याची गोष्ट अर्थ पुसट झाल्यावरही पुष्कळ काळ चालू राहू शकते.

तिसरे उदाहरण बेने इस्रायलांचे. त्याच्यावर थोडे रेंगाळावे लागेल, कारण येथे दिशा उलटी आहे. वरील दोन्ही प्रसंगी मराठी संहिता परक्या लिपीत गेली. येथे परकी संहिता मराठीत, देवनागरीत आली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. कोकणात त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली' हे नाव. आडनावे गावांवरून : केहिमकर, राजपूरकर, तळकर, दिवेकर. अठराव्या शतकापासून ही कुटुंबे मुंबईत येऊ लागली; १७९६ साली तेथे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. कोकणातून मुंबई हे अंतर फार नव्हे. तरीही तेलघाण्याकडून लष्कराकडे आणि कचेरीकडे झालेले हे स्थलांतर समाजाला ग्रंथाकडे नेणारे ठरले.

हिब्रूचे ज्ञान त्यांच्यात जवळजवळ लोपले होते. ते परत आले त्याचा मार्ग मराठीतून गेला, आणि त्यात मिशनऱ्यांचा वाटा मोठा होता. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे मराठीतून व्याकरण १८३२ साली प्रसिद्ध केले. १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाला वाचायचा 'हगादा' हिब्रू संहिता व मराठी भाषांतर यांसह शिळाछापावर छापला गेला. १८७४ साली पुण्यात तळकरांनी त्याची सचित्र आवृत्ती काढली, ती विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून. हिब्रू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे, आणि दोन्ही एकाच पानावर : ही अडचण शिळाछापाने सोडवली, कारण तेथे खिळे जुळवायचे नसतात, लेखनिकाने लिहिलेले पान जसेच्या तसे दगडावर उतरते. युरोपीय हगाद्यांच्या वळणावर काढलेल्या या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया मात्र लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. वाङ्मयातील देशीयतेविषयी आपल्याकडे बरीच चर्चा झाली. तीत हे पान कधी कोणी पुढे ठेवल्याचे मला आठवत नाही.

जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. समाजाची मराठी नियतकालिके निघाली. १८७७ साली निघालेले 'सत्यप्रकाश' त्यांत उल्लेखनीय. आणि १८८० साली मुंबईत बेने इस्रायलांनी कीर्तन सुरू केले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने कीर्तनाच्या साच्यात, साकी-दिंडी-ओव्यांत बांधून उभी राहिली, आणि त्यांच्या पुस्तिका छापल्या गेल्या. ज्या प्रकाराचा आद्य पुरस्कर्ता म्हणून वारकरी नामदेवांकडे पाहतात, तो प्रकार सिनाय पर्वताची कथा सांगू लागला. यात कोणाला समन्वयाचे दर्शन होईल. मला त्यापेक्षा एक व्यावहारिक शहाणपण दिसते. जो समाज अजून वाचनाला सरावलेला नाही त्याच्यापर्यंत छापील संहिता न्यायची, तर तिला ऐकण्याच्या ओळखीच्या चौकटीत बसवले पाहिजे, हे त्या मंडळींना उमगले होते. विनिपेगच्या आइसलँडिकांना सागावाचनाची चौकट आयती मिळाली. मुंबईच्या बेने इस्रायलांनी शेजाऱ्याची चौकट आपलीशी केली.

या व्यवहाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती तितकीशी सुखाची नाही. कोकणात असताना या समाजाने आपल्या सणांना मराठी नावे दिली होती. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण', उपवासाचा 'दारफाळणीचा सण', त्याखेरीज एक 'खिरीचा सण'. या नावांमागे हिब्रू ग्रंथ नव्हता. शतकानुशतकांच्या घरगुती आचाराची आठवण होती. मराठीतील मुद्रित प्रार्थनाग्रंथ आणि कालदर्शक जसजसे घरोघर गेले तसतशी रोश हशाना, योम किप्पूर ही शास्त्रशुद्ध नावे रूढ झाली आणि मराठी नावे वृद्धांच्या तोंडी उरली. म्हणजे मराठीत छापण्यानेच या समाजाच्या मराठीपणाचा एक थर खरवडला. मातृभाषेतील प्रकाशन नेहमीच मातृसंस्कृती जपते, असा आपला एक भाबडा समज असतो. प्रकाशन जपते ती छापण्यासाठी निवडलेली गोष्ट. बाकीचे त्याच्या सावलीत सुकते.

हायीम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो मराठीत नव्हे, इंग्रजीत. आणि छापला गेला १९३७ साली तेल अवीव येथे. हा तपशील पुढच्या स्थलांतराची चाहूल देतो. १९४८नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. तेथे त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली गेली. आंदोलने झाली, आणि १९६४ साली संसदेने त्यांच्या समान दर्जाचा ठराव केला. ज्या देशात हिब्रू ही दिवसभराची भाषा, तेथे हगाद्याच्या मराठी स्तंभाचे प्रयोजन संपले. उरले काय? स्त्रियांच्या वह्यांतील गाणी उरली, जी त्या मंगलप्रसंगी एकत्र बसून म्हणतात. आणि १९८०च्या दशकापासून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक उभे राहिले, नोह मस्सिल यांच्या संपादनाखाली. त्याच्या वाचकवर्गाचा कणा म्हणजे ज्यांचे शालेय शिक्षण भारतात मराठीतून झाले ती पिढी. नातवंडे आजीची मराठी समजू शकतात, पण देवनागरी वाचू शकत नाहीत. टोरांटोहून १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून निघू लागलेले 'एकता' त्रैमासिक आणि १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे वृत्तपत्र यांच्यापुढील प्रश्नही याहून वेगळा नाही, फक्त त्यांच्याकडे साधने अधिक आहेत आणि नवागतांचा ओघ अजून चालू आहे. विनिपेगला तो ओघ १९१४नंतर आटला. त्यानंतरही आइसलँडिक पत्रे चार-पाच दशके तगली हेच आश्चर्य.

आता तिन्ही उदाहरणे एकत्र पाहू. कावेरीकाठी संहिता राहिली, लिपी गेली, अर्थही गाणाऱ्यांपुरता बराचसा गेला. मंगळुरास संहिता राहिली, लिपी पहिल्यापासूनच परकी होती, अर्थ अर्धामुर्धा राहिला. बेने इस्रायलांकडे लिपी आणि अर्थ दोन्ही राखले गेले, आणि म्हणूनच मराठी शाळेत गेलेली पिढी सरताच तो व्यवहार धोक्यात आला. लिपी राखणारा ग्रंथव्यवहार शाळेवर अवलंबून असतो. लिपी सोडणारा प्रसंगावर. शाळा ही स्थलांतरिताच्या हातात क्वचितच असते. सणवार, उपवास, भजन हे प्रसंग त्याच्या हातात असतात. अँडरसन यांच्या वाचकाला एकत्र आणतो तो दिनांक; या वाचकांना एकत्र आणते ती तिथी. दैनिक शिळे होते, हगादा दर वर्षी नवा वाचला जातो.

अर्थ न कळता म्हटलेली संहिता जिवंत वाङ्मय मानायची काय, असा रास्त प्रश्न येथे विचारला जाईल. माझ्या मते तिला भाषेच्या इतिहासात जिवंत म्हणता येणार नाही, संहितेच्या इतिहासात म्हणावेच लागेल. हे दोन इतिहास वेगळे आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो म्हणून आपल्याला दोन्ही नीट लिहिता येत नाहीत. भाषा टिकली की नाही या एकाच निकषावर स्थलांतरितांचा ग्रंथव्यवहार मोजला, तर प्रत्येक कथा शोकान्तच होते. 'लोगबेर्ग-हेइम्सक्रिंग्ला' इंग्रजीत निघू लागले, संपले. संहितेचा निकष लावला तर प्रश्न बदलतात : कोणत्या लिपीत, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडून, आणि त्यात उच्चाराचे काय झाले.

नामदेवांची पदे या प्रश्नांची सर्वांत जुनी आणि सर्वांत अवघड कसोटी आहेत. त्यांच्यामागे पंजाबात गेलेला मराठी भाषक समाज नाही. परंपरेने सांगितलेला एक प्रवासी आहे, घुमान हे गाव आहे. १६०४ साली गुरु अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा ही पदे गुरुमुखीत, रागांच्या मांडणीत स्थिर झाली. त्यांची भाषा गाथेची मराठी नव्हे; उत्तरेतील संतांची संमिश्र भाषा आहे, तिच्यात मध्येच मराठी वळणे डोकावतात, आणि विठ्ठल तेथे 'बीठलु' होऊन येतो. ही नामदेवांचीच पदे की त्यांच्या नावाने रचलेली, हा वाद मिटलेला नाही; पण गाथेतील अभंगांविषयीही तो तसाच आहे, विष्णुदास नामा आणि इतर नामदेव त्यात मिसळलेले आहेत. दोन्हीकडे कीर्तनकारांच्या नि रागींच्या वापरातून संहिता घडली. फरक एवढाच की पंजाबात ती एका क्षणी बांधली गेली आणि नंतर एका मात्रेचाही बदल अमान्य ठरला. आज छापील ग्रंथसाहिबाची पृष्ठे १४३०च असतात आणि प्रत्येक प्रतीत तेच पद त्याच पृष्ठावर येते. महाराष्ट्रात ती कीर्तनकारांच्या बाडांतून वाढत, बदलत राहिली, आणि गाथा म्हणून छापली गेली ती एकोणिसाव्या शतकात. शासनाची आवृत्ती १९७० सालची. संहितेच्या स्थैर्याच्या दृष्टीने पाहिले तर घर सोडून गेलेला नामदेव घरी राहिलेल्या नामदेवापेक्षा साडेतीनशे वर्षांनी जुना आहे. आपल्या गाथा मात्र या पदांना बहुधा 'हिंदी पदे' म्हणून वेगळी काढून शेवटी ठेवतात, जणू ती मूळ ग्रंथाला चुकून चिकटली आहेत.

२०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले. भाषणांत नामदेवांच्या भ्रमणाचा गौरव झाला, आणि तो योग्यच होता. संपादकांपुढचे काम मात्र तसेच पडून आहे. गुरुमुखीतील ६१ पदे, तमिळ भजनपोथ्यांतील नामदेवांचे अभंग आणि बाडांतील पाठ समोरासमोर ठेवून, लिप्यंतरात कोणता उच्चार कोठे बदलला याची नोंद करणारी चिकित्सक आवृत्ती हवी. तिच्यासाठी मराठी, पंजाबी आणि तमिळ जाणणारे तिघे एकत्र बसले पाहिजेत. आणि बसायला नरसीहून सोयीची जागा नाही, कारण त्यांतील दोन पाठ म्हणणारे लोक तेथे दरवर्षी आपण होऊन येतात. तिसऱ्याला मात्र कावेरीकाठी जाऊन शोधावे लागेल.